काउंटी प्रोबेट अभिलेख (अमेरिका)

काउंटी प्रोबेट अभिलेख म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मृत व्यक्तीच्या मृत्युपत्राची सिद्धता, तिच्या मालमत्तेची व्यवस्था, कर्जांची फेड आणि वारसांमधील वाटप यांसंबंधी स्थानिक न्यायालयात दाखल झालेली व तेथे जतन केलेली कागदपत्रे होत. काउंटी हा अमेरिकी राज्याचा प्रशासकीय उपविभाग असून त्याची तुलना ढोबळमानाने भारतातील जिल्ह्याशी करता येते. या अभिलेखांचा उपयोग वारसदार, धनको व वकील यांना होतो. तसेच वंशावळीचे अभ्यासक आणि सामाजिक इतिहासाचे संशोधक यांनाही होतो.

इंग्लंड व वेल्समध्ये १८५८ पासून मृत्युपत्रांची नोंद एकाच राष्ट्रीय यंत्रणेकडे होते. अमेरिकेत अशी मध्यवर्ती यंत्रणा कधीच निर्माण झाली नाही. तेथील मृत्युपत्रे तीन हजारांहून अधिक काउंट्यांच्या दफ्तरांत विखुरलेली आहेत. त्यामुळे मृत व्यक्तीचे नाव कितीही नेमके ठाऊक असले, तरी ती कोठे राहत होती हे कळल्याखेरीज शोध पुढे सरकत नाही.

अधिकारक्षेत्र

प्रोबेट हा अमेरिकेत राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. संघीय न्यायालये मृत्युपत्र सिद्ध करून देत नाहीत किंवा मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहत नाहीत. या तत्त्वाला ‘प्रोबेट अपवाद’ असे म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘मार्शल विरुद्ध मार्शल’ (२००६) या खटल्यात या अपवादाची व्याप्ती मर्यादित केली, परंतु वरील दोन कामे राज्य न्यायालयांकडेच राहतील हे स्पष्ट केले. याचा व्यावहारिक परिणाम असा की, संघीय खटल्यांची कागदपत्रे पुरवणाऱ्या ‘पेसर’ या संगणकीय प्रणालीत प्रोबेटची प्रकरणे सापडत नाहीत. माहिती स्वातंत्र्याचा संघीय कायदाही येथे उपयोगी पडत नाही, कारण तो केवळ संघीय कार्यकारी खात्यांना लागू आहे. नवख्या शोधकर्त्यांचे बरेच अर्ज या दोन गैरसमजांमुळे चुकीच्या दारी जातात.

सर्वसाधारण नियमानुसार प्रकरण त्या काउंटीत दाखल होते, जिथे मृत व्यक्तीचे मृत्यूसमयी कायम वास्तव्य होते. मृत्यू प्रत्यक्षात कोठे झाला याला दुय्यम महत्त्व असते. न्यू जर्सीतील रहिवासी फ्लोरिडात सहलीला गेला असता वारला, तर प्रकरण न्यू जर्सीतील त्याच्या काउंटीत चालते. मात्र त्याच्या नावावर दुसऱ्या राज्यात घर किंवा जमीन असेल, तर त्या राज्यातही स्वतंत्र पूरक प्रकरण चालवावे लागते. म्हणून एकाच व्यक्तीची दोन किंवा तीन प्रकरणे वेगवेगळ्या राज्यांत असू शकतात.

न्यायालयांची नावे

प्रोबेटचे काम पाहणाऱ्या न्यायालयाचे नाव राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्क राज्याच्या ६२ काउंट्यांपैकी प्रत्येकीत ‘सरोगेट्स कोर्ट’ आहे. न्यू जर्सीतही काउंटीचा सरोगेट हेच पद आहे. पेनसिल्व्हेनियात मृत्युपत्र ‘रजिस्टर ऑफ विल्स’ या अधिकाऱ्याकडे दाखल होते आणि वाद निर्माण झाल्यास तो ‘ऑर्फन्स कोर्ट’ या न्यायालयासमोर जातो. मेरीलँडमध्येही हीच जोडी आढळते. ऑर्फन्स कोर्ट या नावाचा अनाथाश्रमाशी संबंध नाही. लंडन शहराच्या जुन्या न्यायालयावरून ते आले असून, जुन्या कायद्यात वडील वारलेले मूल आई हयात असतानाही ‘ऑर्फन’ म्हणूनच गणले जाई.

कॅलिफोर्नियात हे काम प्रत्येक काउंटीच्या सुपिरिअर कोर्टाचा प्रोबेट विभाग करतो, तर इलिनॉय आणि फ्लोरिडात सर्किट कोर्ट करते. ओहायोत कॉमन प्लीज न्यायालयाचा प्रोबेट विभाग, तर जॉर्जिया, अलाबामा व मिशिगन येथे ‘प्रोबेट कोर्ट’ याच नावाचे न्यायालय आहे. टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी मोठ्या काउंट्यांत खास प्रोबेट न्यायालये आहेत, लहान ठिकाणी काउंटी न्यायाधीशच हे काम पाहतो. कागद मात्र दोन्हीकडे काउंटी क्लार्ककडे असतात. नॉर्थ कॅरोलायनात सुपिरिअर कोर्टाचा क्लार्क स्वतःच प्रोबेटचा न्यायाधीश म्हणून काम करतो.

काही राज्यांत काउंटी हा घटकच लागू पडत नाही. ऱ्होड आयलंडमध्ये ३९ शहरे व गावे यांची आपापली प्रोबेट न्यायालये आहेत. कनेक्टिकटमध्ये प्रोबेटसाठी वेगळे जिल्हे असून २०११ मध्ये त्यांची संख्या ११७ वरून ५४ करण्यात आली. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ हा विभाग आहे आणि फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतील कायद्यामुळे तेथील कागदांवर ‘प्रोबेट’ऐवजी ‘सक्सेशन’ हा शब्द दिसतो. व्हर्जिनियात अनेक शहरे कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत. त्यांचे दफ्तर वेगळे असते. १९६९ मध्ये तयार झालेल्या ‘युनिफॉर्म प्रोबेट कोड’ या नमुना कायद्याने एकसूत्रीपणा आणण्याचा प्रयत्न केला, परंतु तो सुमारे १८ राज्यांनीच जवळजवळ संपूर्णपणे स्वीकारला.

प्रकरणातील कागदपत्रे

प्रकरणाची सुरुवात अर्जाने होते. या अर्जात मृत व्यक्तीचे नाव, मृत्यूची तारीख, पत्ता आणि वारसांची नावे, नाती व पत्ते असतात. वंशावळ शोधणाऱ्याला मृत्युपत्रापेक्षा अनेकदा हा अर्जच अधिक उपयोगी ठरतो, कारण मृत्युपत्रात ज्याला काहीच दिलेले नाही अशा मुलाचेही नाव कायद्याने अर्जात द्यावे लागते.

मृत्युपत्र सिद्ध झाल्यावर न्यायालय त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला अधिकारपत्र देते; त्याला ‘लेटर्स टेस्टामेंटरी’ म्हणतात. मृत्युपत्र नसल्यास न्यायालय प्रशासक नेमते व त्याला ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ मिळतात. त्यापुढे हमीरोखा, मालमत्तेची यादी व मूल्यांकन, धनकोंचे दावे, वृत्तपत्रातील जाहीर सूचनेचा पुरावा, जमाखर्चाचे हिशेब, वाटपाचा अंतिम हुकूम आणि वारसांनी दिलेल्या पावत्या अशी फाइल वाढत जाते. मृत व्यक्तीची मुले अज्ञान असतील, तर पालकत्वाचे वेगळे प्रकरण उभे राहते.

मृत्युपत्र न केलेल्यांचेही प्रकरण होते, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. प्रिन्स हा गायक २१ एप्रिल २०१६ रोजी मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मालमत्तेचे प्रकरण मिनेसोटातील कार्व्हर काउंटीत सहा वर्षे चालले. वारस असल्याचा दावा करणारे अनेक जण पुढे आले, काहींच्या बाबतीत जनुकीय तपासणीपर्यंत गोष्ट गेली आणि अखेरीस मालमत्तेचे मूल्य १५ कोटी ६४ लाख डॉलर ठरले.

जुन्या दफ्तरांत एक महत्त्वाचा भेद पाळावा लागतो. मृत्युपत्र सिद्ध झाल्यावर कारकून त्याची नक्कल हाताने ‘विल बुक’ या मोठ्या वहीत उतरवून घेई, तर मूळ कागद घडी घालून पाकिटात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवले जात. सूक्ष्मपटांवर आणि संकेतस्थळांवर बहुधा वह्याच दिसतात. नक्कल करताना झालेल्या चुका वहीत कायम राहतात आणि यादी, पावत्या, पत्रे हे सुटे कागद वहीत येतच नाहीत. वहीतील पान मिळाले म्हणजे फाइल मिळाली असे मानून अनेक जण शोध थांबवतात; खरा ऐवज बहुधा पाकिटात असतो.

गुलामगिरीचा इतिहास आणि प्रोबेट अभिलेख

आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांच्या इतिहासात या अभिलेखांना असाधारण स्थान आहे. १८५० व १८६० च्या संघीय जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि गुलामांचे वय, लिंग व वर्ण नोंदवलेला असे. गुलामांची नावे बहुतांशी नसत. मुक्त झालेल्या सर्वांची नावानिशी नोंद करणारी पहिली जनगणना १८७० ची आहे. त्याआधीच्या पिढ्या शोधताना हाती येणारा एक मोठा पुरावा म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. कायद्याच्या दृष्टीने गुलाम ही मालमत्ता असल्याने मूल्यांकनकर्ते घोडे, पलंग आणि नांगर यांच्याच रांगेत माणसांची नावे लिहीत आणि प्रत्येकापुढे डॉलरमधील किंमत मांडत. वाटपाच्या हुकुमात कोणती आई कोणत्या वारसाकडे गेली आणि तिचे मूल कोणाकडे गेले हेही दिसते. ज्या कागदाने माणसाला वस्तू ठरवले, त्याच कागदावर त्याचे नाव टिकून राहिले आहे, आणि वंशजांना तो कागद वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

हॅरिएट टबमन यांनी स्वतः असा शोध करवून घेतला होता. १८४० च्या दशकाच्या मध्यास, मेरीलँडमधील डॉर्चेस्टर काउंटीत गुलामगिरीत असतानाच, त्यांनी पाच डॉलर देऊन एका वकिलाला आपल्या आईच्या कायदेशीर स्थितीचा तपास करायला लावला. आईच्या पहिल्या मालकाचे, ॲथो पॅटिसन याचे, मृत्युपत्र वकिलाला सापडले. रिट ही मुलगी नातीला देताना तिने व तिच्या संततीने वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंतच सेवा करावी, अशी अट पॅटिसनने घातली होती. रिट यांची पंचेचाळिशी केव्हाच उलटून गेली होती. वारसांनी ती अट पाळली नव्हती आणि ती त्यांना कळवलीही नव्हती. टबमन यांच्यापाशी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग नव्हता. १८४९ मध्ये त्या पळून उत्तरेकडे गेल्या.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आहे. त्यांनी जुलै १७९९ मध्ये स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र २० जानेवारी १८०० रोजी व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीच्या न्यायालयात सादर झाले. आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे त्यात होते; मार्था वॉशिंग्टन यांनी त्यांना १ जानेवारी १८०१ पासूनच मुक्त केले. मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेल्या गुलामांना मात्र हे मृत्युपत्र मुक्त करू शकत नव्हते. मार्था यांचे स्वतःचे मृत्युपत्र यादवी युद्धात फेअरफॅक्सच्या दफ्तरातून पळवले गेले आणि फिरत फिरत बँकमालक जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात पोहोचले. व्हर्जिनिया राज्याने न्यायालयीन लढा उभारल्यावर १९१५ मध्ये ते काउंटीकडे परत आले. प्रोबेटचा मूळ कागद हा सार्वजनिक दफ्तराचा भाग असतो आणि तो विकत घेतल्याने खाजगी होत नाही, हा मुद्दा या प्रकरणाने ठळकपणे पुढे आला.

सामाजिक व आर्थिक इतिहासातही या याद्यांचा मोठा उपयोग झाला आहे. ॲलिस हॅन्सन जोन्स यांनी १७७४ च्या सुमाराच्या ९१९ मृत व्यक्तींच्या याद्यांवरून स्वातंत्र्यपूर्व वसाहतींतील संपत्तीचे अनुमान काढले. तिजोरी, पुस्तके, चमचे, बियाणे, उसनवारी असे सारे तपशील या याद्यांत असतात. अर्थात याद्यांत गरिबांचे प्रतिनिधित्व कमी असते, हे संशोधकांना सतत ध्यानात ठेवावे लागते.

शोधाची पद्धत

शोधाला आरंभ करण्यापूर्वी मृत व्यक्तीचे पूर्ण नाव, मृत्यूची निदान अंदाजे तारीख आणि अखेरचे वास्तव्य या तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात. मृत्युलेख, मृत्यूचा दाखला, थडग्यावरील मजकूर आणि जनगणनेचे तक्ते यांतून त्या मिळतात. गावाच्या नावावरून काउंटी ठरवताना ती त्या काळातील काउंटी असावी लागते. न्यूयॉर्क राज्यातील नासाऊ काउंटी १८९९ मध्ये क्वीन्सपासून वेगळी झाली. म्हणून हेम्पस्टेड गावात १८९० मध्ये वारलेल्या माणसाचे प्रकरण क्वीन्सच्या दफ्तरात शोधावे लागते. ब्राँक्स काउंटी १९१४ मध्ये अस्तित्वात आली. त्याआधीची तिथली प्रकरणे इतरत्र आहेत. मृत्यू आणि प्रकरण दाखल होणे यांत बरेच अंतर असू शकते. घर विकण्याची वेळ येईपर्यंत वारस न्यायालयात गेलेच नाहीत, असे पुष्कळदा घडते. म्हणून मृत्यूनंतरची दहा-वीस वर्षेही तपासावी लागतात.

काउंटीच्या निर्देशिकेतून प्रकरण क्रमांक मिळतो आणि पुढचा सारा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. निर्देशिका नेहमी सरळ वर्णानुक्रमे नसते. पेनसिल्व्हेनियात व अन्यत्र वापरल्या गेलेल्या ‘रसेल निर्देशिके’त आडनावाच्या पहिल्या अक्षरानंतर एल, एम, एन, आर, टी या पाच अक्षरांपैकी जे आधी येईल त्यावरून पान ठरते. ही रीत ठाऊक नसलेल्याला समोर वही असूनही नाव सापडत नाही. नावांची वर्तणीही बदलती असते. मराठी आडनावांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे: दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत ‘एक्स’ घालून लिहितात, तसेच ‘केएसएच’ घालूनही. वडिलांचे किंवा पतीचे नाव केवळ एका आद्याक्षराच्या रूपात उरते आणि क्वचित आडनाव व पहिले नाव यांची अदलाबदलही होते. सर्व पर्यायी वर्तण्यांनी शोध घेणे हाच त्यावर उपाय आहे.

अलीकडच्या प्रकरणांची सूची बऱ्याच काउंट्यांच्या व राज्यांच्या संकेतस्थळांवर मिळते. मेरीलँडच्या रजिस्टर ऑफ विल्स कार्यालयांची राज्यव्यापी सूची विनामूल्य पाहता येते. न्यूयॉर्कच्या सरोगेट न्यायालयांसाठी ‘वेबसरोगेट’ ही सेवा आहे. अशा सूचीत बहुधा नाव, क्रमांक, तारखा आणि दाखल कागदांची शीर्षके दिसतात. प्रत्यक्ष कागद दिसतीलच असे नाही.

जुन्या अभिलेखांसाठी सॉल्ट लेक सिटी येथील ‘फॅमिलीसर्च’ ही संस्था महत्त्वाची आहे. तिच्या पूर्वसंस्थेने १९३८ पासून काउंट्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपट तयार केले व पुढे त्यांचे अंकीकरण झाले. या वह्यांतील पुष्कळ पाने नावानुसार सूचीबद्ध नसल्याने पूर्वी एकेक पान उलटावे लागे. २०२४ मध्ये संस्थेने हस्ताक्षर यंत्राने वाचून संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय सुरू केली आणि त्यासाठी प्रथम निवडलेल्या संग्रहांत अमेरिकेतील जमीन व प्रोबेट अभिलेख होते. त्यामुळे मृत्युपत्राच्या मध्यभागी आलेले साक्षीदाराचे, शेजाऱ्याचे किंवा गुलामाचे नावही हाती लागू लागले. ‘ॲन्सेस्ट्री’ या व्यापारी कंपनीने २०१५ मध्ये सर्व ५० राज्यांतील १७ कोटींहून अधिक पानांचा संग्रह शुल्क घेऊन खुला केला.

खूप जुने मूळ कागद अनेकदा काउंटीकडून राज्याच्या अभिलेखागारात गेलेले असतात. न्यू जर्सीत १९०१ पूर्वीची मृत्युपत्रे राज्य अभिलेखागारात आहेत. मेरीलँडचे जुने प्रोबेट दफ्तर ॲनापोलिस येथे आहे. काउंटीकडून ‘आढळ होत नाही’ असे उत्तर आल्यास कागद हलवले गेले आहेत काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

नक्कल मागवणे

नकलेसाठी अर्ज न्यायालयाच्या क्लार्ककडे किंवा रजिस्टरकडे करावयाचा असतो. अर्जात मृत व्यक्तीचे नाव व पर्यायी वर्तण्या, मृत्यूची तारीख, प्रकरण क्रमांक, नेमका कोणता कागद हवा आहे आणि नक्कल साधी हवी की प्रमाणित, हे लिहावे लागते. ‘सर्व माहिती पाठवावी’ अशा अर्जाला बहुधा मृत्युपत्राची दोन पाने येतात किंवा शेकडो पानांचे देयक येते. प्रथम प्रकरणातील कागदांची सूची मागवून त्यातून निवड करणे स्वस्त पडते. क्लार्क कागद शोधून देतो. कागदाचा अर्थ किंवा वारसाहक्क याबाबत सल्ला देण्यास त्याला मनाई असते.

शुल्क राज्यागणिक वेगळे असते व वेळोवेळी बदलते. कॅलिफोर्नियात कायद्याने साध्या नकलेला प्रतिपान ५० सेंट आणि प्रमाणित करण्यासाठी प्रत्येक कागदामागे ४० डॉलर आकारले जातात. दहा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या शोधाला १५ डॉलर वेगळे द्यावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये शोधाचे शुल्क २५ वर्षांच्या आतील अभिलेखासाठी ३० व त्याहून जुन्यासाठी ९० डॉलर आहे. परदेशातून अर्ज करणाऱ्याची खरी अडचण रकमेची नसते, ती भरण्याच्या पद्धतीची असते. अनेक कार्यालये अमेरिकी बँकेवरील धनादेश किंवा मनीऑर्डरच स्वीकारतात आणि टपाल तिकीट लावलेले परतीचे पाकीट मागतात. अशा वेळी त्या भागातील नातेवाईक, वकील किंवा व्यावसायिक शोधकर्ता यांच्यामार्फत अर्ज केला जातो.

नकलेचे तीन प्रकार आहेत. अभ्यासासाठी साधी नक्कल पुरते. बँक, विमा कंपनी वा जमीन नोंदणी कार्यालय यांना क्लार्कच्या सहीशिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते. अधिकारपत्राच्या बाबतीत तर ती अलीकडच्या तारखेची असावी लागते, कारण व्यवस्थापक बदलला गेलेला असू शकतो. दुसऱ्या राज्यातील किंवा देशातील न्यायालयात वापरण्यासाठी ‘एक्झेम्प्लिफाइड’ नक्कल घेतात. तीत क्लार्कच्या प्रमाणपत्रावर न्यायाधीशाचे प्रमाणपत्र असते.

खुलेपणा आणि निर्बंध

न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसामान्यांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स’ (१९७८) या निकालात मान्य केला. तो निरपवाद नाही हेही त्याच निकालात सांगितले. प्रोबेटचे प्रकरण पाहण्यासाठी सामान्यतः मृत व्यक्तीशी नाते सिद्ध करावे लागत नाही. माणूस हयात असेपर्यंत त्याचे मृत्युपत्र मात्र खाजगीच असते. काही राज्यांत ते सुरक्षिततेसाठी आधीच न्यायालयाकडे ठेवता येते, पण मृत्यूपर्यंत ते मोहोरबंद राहते.

सामाजिक सुरक्षा क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांक आणि अज्ञान मुलांचे तपशील झाकले जातात. फ्लोरिडात मालमत्तेची यादी आणि हिशेब गोपनीय असतात. इतर अनेक राज्यांत तीच यादी कोणीही वाचू शकतो. कॅलिफोर्नियात पालकत्वाच्या प्रकरणांतील कागद न्यायालयात जाऊन पाहावे लागतात, ते दूरस्थपणे संगणकावर दाखवले जात नाहीत.

अभिलेख न सापडण्याची कारणे

प्रकरणच दाखल झाले नव्हते, हे सर्वांत सामान्य कारण आहे. पती-पत्नीच्या संयुक्त मालकीचे घर, नामनिर्देशन असलेला विमा किंवा निवृत्तिनिधी आणि हयातीत स्थापन केलेल्या न्यासातील मालमत्ता ही प्रोबेटशिवाय हस्तांतरित होतात. लहान मालमत्तेसाठी बहुतेक राज्यांत केवळ प्रतिज्ञापत्र पुरते. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा २,०८,८५० डॉलर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून न्यासांचा वापर वाढत गेल्याने श्रीमंतांच्या मालमत्तेविषयी प्रोबेटच्या फायली पूर्वीइतके बोलत नाहीत. मात्र प्रकरण नसले तरी मृत्युपत्र न्यायालयात असू शकते. कॅलिफोर्नियात मूळ मृत्युपत्र ज्याच्या ताब्यात असेल, त्याने मृत्यूची माहिती कळल्यापासून ३० दिवसांत ते न्यायालयाकडे सोपवणे बंधनकारक आहे. म्हणून प्रकरणांची सूची आणि नुसत्या जमा झालेल्या मृत्युपत्रांची सूची या दोन्ही तपासाव्या लागतात.

दुसरे कारण नाशाचे आहे. १८७१ च्या शिकागोतील आगीत कुक काउंटीचे दफ्तर जळाले. मार्च १८८४ मध्ये सिनसिनाटीतील दंगलीत जमावाने हॅमिल्टन काउंटीचे न्यायालय पेटवले. १९०६ चा भूकंप व त्यानंतरची आग यांत सॅन फ्रान्सिस्कोचे कागद गेले. व्हर्जिनियातील काही काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून आपले अभिलेख रिचमंडला हलवले होते. एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना लागलेल्या आगीत ते तेथेच नष्ट झाले, आणि ज्यांनी काहीच हलवले नाही अशा काही काउंट्यांचे कागद वाचले. टबमन यांच्या वकिलाने पाहिलेले डॉर्चेस्टर काउंटीचे दफ्तरही १८५२ च्या आगीत सापडले. अशा ठिकाणी जमिनीची खरेदीखते, करवसुलीच्या याद्या, अपिलातील कागद आणि धनकोंसाठी वृत्तपत्रात छापलेल्या सूचना यांवरून प्रकरणाची पुनर्रचना करावी लागते. एका वारसाच्या पुढच्या खटल्यात जोडलेली जुन्या मृत्युपत्राची नक्कल हाच कधीकधी एकमेव उरलेला पुरावा असतो.

भारतातील उपयोग

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या अभिलेखांची गरज प्रामुख्याने दोन्ही देशांत मालमत्ता असताना पडते. स्थावर मालमत्तेचा वारसा ती जिथे आहे तेथील कायद्याने ठरतो. त्यामुळे अमेरिकी काउंटीच्या न्यायालयाने दिलेले अधिकारपत्र पुण्यातील सदनिकेवर किंवा कोकणातील जमिनीवर आपोआप चालत नाही. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम २२८ नुसार, भारताबाहेरील सक्षम न्यायालयात सिद्ध होऊन जमा झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत सादर केल्यास, भारतीय न्यायालय ती प्रत जोडून मालमत्तेच्या प्रशासनाचे अधिकारपत्र देऊ शकते. मूळ मृत्युपत्र काउंटीच्या दफ्तरातून बाहेर पडत नसल्याने ही तरतूद महत्त्वाची ठरते.

अशा नकलेवर ‘अपोस्टिल’ लागते. कागदपत्रांच्या कायदेशीरीकरणाविषयीचा हेग करार अमेरिकेत १९८१ पासून आणि भारतात २००५ पासून लागू आहे. राज्य न्यायालयाच्या कागदावर अपोस्टिल देण्याचे काम बहुतेक ठिकाणी त्या राज्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’चे कार्यालय करते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात त्याआधी काउंटी क्लार्कचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. न्यायालयाच्या साध्या नकलेवर अपोस्टिल मिळत नाही; म्हणून काउंटीकडे अर्ज करतानाच नक्कल परदेशात वापरायची असल्याचे व कोणत्या देशात वापरायची ते लिहिले जाते.